वेदनेचा एच-इंडेक्स

दरवर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास तुमच्या व्हॉट्सॲपवर एक बातमी येते. 'जगातल्या अव्वल दोन टक्के शास्त्रज्ञांत आपल्या अमुक-तमुकांचा समावेश!' सोबत फोटो, शाल, पुष्पगुच्छ, जमलं तर गावाकडच्या वर्तमानपत्राचं कात्रण. खाली हात जोडलेले, टाळ्यांचे आणि तिरंग्याचे इमोजी. त्या माणसाने शोधलं काय, हे बातमीत नसतं आणि अभिनंदन करणाऱ्यांपैकी कोणी विचारतही नाही. दोन टक्के म्हटलं की पुरे. दहावीला बोर्डात आलेल्या मुलाला त्याच्या निबंधाचा विषय कोणी विचारत होतं का?

मी मेंदूविज्ञानात पोस्टडॉक आहे आणि वेदनेवर काम करते. पाठीच्या कण्यातून मेंदूकडे दुखण्याचे निरोप कसे जातात आणि कुठे अडकतात, हा माझा विषय. त्यामुळे 'तुझे सायटेशन किती झाले गं?' हा प्रश्न मला गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत विचारला जातो. विचारणारी माणसं चांगली असतात. तरी मी हे भांडण त्यांच्याशीच, म्हणजे तुमच्याशीच, मांडते आहे. या आकड्यापुढे माथा टेकणं आपण थांबवायला हवं. इतर क्षेत्रांचं मला माहीत नाही, पण माझ्या क्षेत्रात दाखल्यांच्या मोजणीने माणसांचे जीव जायला हातभार लावलेला आहे.

आधी त्या यादीबद्दल. तो स्टॅनफर्डचा पुरस्कार नव्हे. तिथले जॉन आयोआनिडिस आणि त्यांचे सहकारी एल्सव्हिअर कंपनीच्या स्कोपस या डेटाबेसवरून ती काढतात. कोणी अर्ज करत नाही, कोणी पेपर वाचत नाही. संगणक बेरीज करतो. गंमत म्हणजे, स्वतःच स्वतःचे दाखले देऊन फुगवलेले आकडे वेगळे दिसावेत, हाही त्या खटाटोपामागचा एक हेतू होता. आपण त्याचा सत्कार समारंभ करून टाकला.

एच-इंडेक्सची कथाही अशीच. २००५ साली सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ हॉर्हे हर्श यांनी तो सुचवला. तुमचा एच-इंडेक्स ५० म्हणजे तुमच्या ५० पेपरांचा प्रत्येकी निदान ५० वेळा कोणीतरी दाखला दिला आहे. त्याच लेखात त्यांनी नामवंतांचे आकडे दिले होते. भौतिकशास्त्रात एडवर्ड विटन ११० वर होते. जीवशास्त्रांत सगळ्यांच्या वर होते सॉलोमन स्नायडर, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्सचे मेंदूशास्त्रज्ञ. त्यांचा आकडा १९१. म्हणजे हा मापदंड जन्माला आला त्याच दिवशी सजीवांच्या विज्ञानातला पहिला नंबर मेंदूतल्या निरोपांवर आणि वेदनाशामकांवर काम करणाऱ्या माणसाला मिळाला. (पंधरा वर्षांनी हर्श यांनी स्वतःच लिहिलं की या निर्देशांकाचे अनपेक्षित आणि गंभीर दुष्परिणाम होऊ शकतात. ते मात्र फॉरवर्ड झालं नाही.)

स्नायडर यांचा आकडा खोटा नव्हता, हे मी मुद्दाम सांगते, कारण माझा वाद लबाडांशी नाही. मानसोपचाराचं शिक्षण घेतलेला हा माणूस नोबेलविजेत्या ज्युलियस ॲक्सेलरॉड यांच्या हाताखाली तयार झाला आणि पुढची काही दशकं नव्या नव्या दिशांना गेला. पेशीच्या आत कॅल्शियम सोडायला लावणारा रिसेप्टर, नायट्रिक ऑक्साइडसारखा वायू मेंदूत निरोप्याचं काम करतो हा धक्कादायक शोध, औषधं रिसेप्टरला चिकटतात का हे तपासण्याच्या रीती, असं बरंच काही त्यांच्या प्रयोगशाळेतून आलं. पण १९१ या आकड्यावरून यातलं काहीएक कळत नाही. शिवाय त्यात जे झाकलं जातं, ते आणखी महत्त्वाचं आहे.

मॉर्फिन मेंदूत विशिष्ट जागी जाऊन बसत असणार, हा अंदाज जुना होता. ती जागा दाखवता येत नव्हती, कारण औषध सगळीकडेच थोडं थोडं चिकटतं आणि त्या चिकटाचिकटीत खरी जागा हरवते. १९७२ मध्ये स्नायडर यांची पीएचडीची विद्यार्थिनी कँडेस पर्ट हिने मॉर्फिनऐवजी त्याच्या उलट काम करणारं नॅलोक्सोन घेतलं, त्याला किरणोत्सारी खूण लावली, मेंदूच्या ऊतींचा लगदा त्यात मिसळला, झरझर गाळला आणि थंड द्रावणाने धुऊन काढला. वरवर चिकटलेलं निघून गेलं, घट्ट बसलेलं उरलं. मार्च १९७३ मध्ये 'सायन्स'मध्ये पेपर आला: पर्ट आणि स्नायडर. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये एरिक सायमन आणि स्वीडनच्या उप्सालामध्ये लार्स टेरेनियस यांनीही स्वतंत्रपणे तेच दाखवलं. मग प्रश्न आला की खसखशीच्या बोंडातल्या रसासाठी आपल्या डोक्यात कुलपं कशाला? शरीराची स्वतःची किल्ली असणार म्हणून. ती १९७५ मध्ये स्कॉटलंडच्या ॲबर्डीनमध्ये जॉन ह्यूज आणि हान्स कॉस्टरलिट्झ यांना सापडली: एनकेफलिन.

१९७८ चा लास्कर पुरस्कार स्नायडर, ह्यूज आणि कॉस्टरलिट्झ यांना मिळाला. पर्टला नाही. तिने प्रतिष्ठानला पत्र लिहून निषेध नोंदवला आणि विषय चव्हाट्यावर आला. प्रयोगशाळा स्नायडर यांची, निधी त्यांचा, प्रश्न मांडण्याची दृष्टीही त्यांची, हे सगळं मान्य. पण नळ्या धुणारा हात कोणाचा होता हे सगळ्यांना ठाऊक होतं. सायमन आणि टेरेनियसही बाहेरच राहिले. आता गुगल स्कॉलरवर जाऊन बघा: १९७३ च्या त्या पेपराचा प्रत्येक दाखला पर्टच्या खात्यावर एक आणि स्नायडर यांच्या खात्यावर एक असा जमा होतो. हिशेब अगदी चोख. अन्याय त्यात कुठे दिसतच नाही.

रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञाने १९६८ मध्येच लिहून ठेवलं होतं की विज्ञानात श्रेय आधीच नाव असलेल्याकडे वाहत जातं. आपल्याकडे हे सांगायला समाजशास्त्रज्ञ लागत नाही. वाढपी ओळखीचा असला की पंगतीत शेवटी बसलं तरी चालतं.

पण श्रेयाचं भांडण हे शास्त्रज्ञांचं घरगुती भांडण. तुम्ही म्हणाल, त्यात आम्हाला काय? तर आता दुसरी गोष्ट ऐका.

१० जानेवारी १९८० च्या 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये वाचकांच्या पत्रव्यवहारात पाच वाक्यांचं एक पत्र छापून आलं. लिहिणारे बॉस्टनचे जेन पोर्टर आणि हर्शेल जिक. रुग्णालयात दाखल असलेल्यांच्या नोंदी त्यांनी चाळल्या होत्या. निदान एकदा तरी अफूजन्य औषध दिलेले ११,८८२ रुग्ण होते. आधी व्यसनाचा इतिहास नसलेल्यांपैकी नीट नोंदलेलं व्यसन फक्त चौघांना लागलेलं दिसलं. बस. हे रुग्ण रुग्णालयात नर्सच्या डोळ्यांसमोर होते. घरी जाऊन महिनोन्महिने गोळ्या घेणाऱ्यांबद्दल त्या पत्रात अक्षर नाही. पत्र खोटं नव्हतं, लबाडीचंही नव्हतं. छोट्या निरीक्षणाचं छोटं पत्र होतं.

मग त्याचे दाखले सुरू झाले. विशेषतः १९९६ मध्ये ऑक्सिकॉन्टिन बाजारात आल्यावर. 'दुखण्यासाठी दिलेल्या ओपिऑइडने व्यसन क्वचितच लागतं' या वाक्यापुढे कंसात पोर्टर आणि जिक, १९८०. कंसात नाव आलं की वाक्य भारदस्त दिसतं, मागे काय आहे ते कोणी उघडून बघत नाही. आणि खरंच बघितलं नव्हतं. २०१७ मध्ये त्याच नियतकालिकात कॅनडातल्या संशोधकांनी मोजणी छापली: या पत्राचे ६०८ दाखले. त्यांतल्या ४३९ पेपरांनी, म्हणजे ७२ टक्क्यांनी, ते व्यसन दुर्मीळ असल्याचा पुरावा म्हणून वापरलं होतं. हे रुग्ण रुग्णालयात दाखल होते, ही एवढीशी गोष्ट ४९१ पेपरांनी सांगितलीच नव्हती. त्याच सुमाराच्या तशाच इतर पत्रांना साधारण अकराच्या आसपास दाखले मिळाले होते. शेवटी नियतकालिकाला त्या जुन्या पत्रावर सावधगिरीची टीप लावावी लागली. मधल्या काळात ऑक्सिकॉन्टिन बनवणाऱ्या पर्ड्यू कंपनीने व्यसनाच्या धोक्याबद्दल दिशाभूल केल्याचा गुन्हा २००७ मध्ये न्यायालयात कबूल केला होता. तुम्ही ओहायोत, पेनसिल्व्हेनियात किंवा वेस्ट व्हर्जिनियाच्या जवळपास राहत असाल तर पुढचं मी सांगायला नको. शेजारच्या कोणाचा तरी मुलगा तुम्हाला आठवेल.

सहाशे आठ दाखले! प्राध्यापकपदाच्या मुलाखतीत कोणी असा पेपर घेऊन आला तर निवड समिती उठून हात मिळवेल.

त्याच काळात अमेरिकेत आणखी एक आकडा गाजत होता. दुखणं हे 'पाचवं व्हायटल साइन' समजा. नाडी, ताप, श्वास, रक्तदाब तपासता तसं प्रत्येक रुग्णाला विचारा, शून्य ते दहात किती दुखतंय? हेतू चांगला होता, कारण रुग्णाचं दुखणं डॉक्टर मनावरच घेत नसत. पण आकडा हाती आला की तो खाली आणण्याची घाई सुरू होते, आणि खाली आणायला सर्वांत झटपट साधन होतं गोळी. तुमची आई सहा महिन्यांसाठी इकडे आली आणि तिला इमर्जन्सीत न्यावं लागलं, तर हा प्रश्न तुम्ही भाषांतर करून विचारला असेल. ती म्हणते, 'बसल्यावर नाही रे, उठताना एकदम चमक भरते, आणि रात्री नुसतं ठणकतं.' तुम्ही नर्सला सांगता, 'सेव्हन'. चमक आणि ठणका ही दोन वेगळी दुखणी आहेत, त्यांचे रस्ते वेगळे असू शकतात, औषधंही वेगळी लागू शकतात. मॅकगिल विद्यापीठातल्या रोनाल्ड मेल्झॅक यांना हे कळत होतं. १९७५ मध्ये त्यांनी रुग्ण वापरतात ते ७८ शब्द २० गटांत लावून प्रश्नावली केली. कळ, सल, ठुसठुस, भगभग, शिळक, रग, हुळहुळ: आपल्या आज्यांनी अशीच यादी तोंडपाठ ठेवली होती. फॉर्मवर मात्र सात.

दुखण्याचा सात आणि शास्त्रज्ञाचा १९१ हे एकाच जातीचे आकडे आहेत. दोन्ही सोयीचे. आणि दोन्हींत नेमकं जे विचारायला हवं होतं तेच गळून जातं.

आता माझ्या टेबलाकडे या. वेदनेच्या प्रयोगशाळेतलं रोजचं काम असं असतं: जाळीच्या तळाचे पारदर्शक डबे, त्यात उंदीर. ते शांत व्हावेत म्हणून अर्धा तास थांबायचं. मग जाळीखालून नायलॉनचा बारीक तंतू पंजाच्या तळव्याला टेकवायचा, तो वाकेपर्यंत दाबायचा. पाय उचलला? नोंद करा. नाही? जरा जाड तंतू घ्या. या मोजणीची पद्धत सांगणाऱ्या शॅपलान आणि सहकाऱ्यांच्या १९९४ च्या पेपराला हजारो दाखले आहेत आणि ते रास्तच आहेत, कारण पद्धत वापरली तर सांगायला हवं. पण हे दाखले म्हणजे रेसिपीच्या पुस्तकावर पडलेले तेलाचे डाग आहेत. पुस्तक वापरात आहे एवढंच त्यावरून कळतं. उंदराने पाय उचलणं ही झटक्याची प्रतिक्रिया आहे. मधुमेहाने नसा खराब झालेल्या माणसाची तक्रार असते की कोणी हातही न लावता रात्री तळपायांची आग होते. ते आम्ही फारसं मोजत नाही, कारण मोजायला अवघड आहे, वेळ खातं आणि तोवर शेजारच्या प्रयोगशाळेचे तीन पेपर निघतात.

ते उंदीरही कोण? जेफ्री मोगिल आणि सहकाऱ्याने २००५ मध्ये दाखवलं की 'पेन' या आमच्या मुख्य नियतकालिकातल्या मागच्या दहा वर्षांच्या प्राण्यांवरच्या अभ्यासांपैकी ७९ टक्के फक्त नरांवर झाले होते. दीर्घकाळ दुखण्याचा त्रास बायकांना अधिक, अर्धशिशी बायकांना अधिक, आणि प्रयोग नर उंदरांवर. पुढे २०१५ मध्ये कळलं की उंदरांत नर आणि माद्यांच्या पाठीच्या कण्यात दुखणं टिकवून धरणाऱ्या पेशीच वेगळ्या असू शकतात. तोवर नरांवरच्या पेपरांचे दाखले देत देत किती एच-इंडेक्स उभे राहिले असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

दाखले पडतात कसे, तेही सांगते. एका पेपरावर रिव्ह्यूअरचा शेरा आला की पुढील सहा महत्त्वाच्या कामांची नोंद घेतलेली नाही. सहाही एकाच प्रयोगशाळेची. आमच्या विषयाशी संबंध असेल तर दोघांचा. आमच्या प्रमुखांनी सहाही घालायला सांगितले, कारण नाहीतर पेपर आणखी चार महिने लटकला असता. पुढच्या वर्षी त्या प्रयोगशाळेतल्या कोणाची शाल-श्रीफळाची बातमी आली तर त्यात आमचे सहा आहेत.

चांगल्या कामाची गोष्टही या आकड्यात बसत नाही. उत्तर पाकिस्तानात रस्त्यावर खेळ करणारा एक मुलगा होता. दंडात सुऱ्या खुपसायचा, निखाऱ्यांवरून चालायचा. त्याला दुखतच नसे. चौदावा वाढदिवस यायच्या सुमाराला छतावरून उडी मारून तो गेला. त्याच्या नात्यातल्या आणि तशाच इतर कुटुंबांतल्या मुलांवरून २००६ मध्ये कळलं की नॅव्ह-१.७ नावाची सोडियमची वाट बंद असेल तर दुखण्याचा निरोप निघतच नाही. दाखल्यांचा पाऊस पडला. औषध कंपन्या धावल्या. पण नॅव्ह-१.७ बंद करणारी औषधं माणसांवरच्या चाचण्यांत चालली नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली ती सुझेट्रिजीनला. ते नॅव्ह-१.८ या भावंडावर काम करतं. त्या वाटेचा जनुक लंडनमध्ये जॉन वूड यांच्या प्रयोगशाळेने १९९६ मध्येच शोधला होता. मधली एकोणतीस वर्षं कोणत्या वर्षाच्या दोन टक्क्यांत धरायची? २००६ चा शोध मोठा होता यात शंका नाही. कोणाला किती दाखले मिळाले यावरून कोणाच्या दुखण्याला उतार पडेल ते कळत नाही, एवढंच माझं म्हणणं.

तुमचा आक्षेप मला ठाऊक आहे, आणि तो पोकळ नाही. आकडा नसेल तर काय उरतं? ओळख. हार्वर्डचं नाव, बड्या माणसाचं शिफारसपत्र, कॉकटेल पार्टीतली सलगी. नांदेडच्या किंवा कोल्हापूरच्या कॉलेजातून आलेल्या मुलीकडे यातलं काही नसतं. तिचे ४०० सायटेशन मात्र कोणी नाकारू शकत नाही. ग्रीन कार्डाचं तर विचारूच नका. ईबी-१ए साठी दहापैकी निदान तीन निकष दाखवायचे, आणि वकील पहिल्याच ईमेलमध्ये गुगल स्कॉलरची लिंक मागतो. भारतात जन्मलेल्यांसाठी ईबी-२ ची रांग किती लांब आहे ते तुम्हीआम्ही जाणतो. तिथे आकडा लावा. जरूर लावा, मीही लावीन. पण सरकारी खिडकीवर दाखवायचा कागद कोणी देव्हाऱ्यात ठेवत नाही. आणि आकडा ओळखीला हरवतो हा समज अर्धाच खरा आहे. नामांकित प्रयोगशाळेचा पेपर लोक आधी वाचतात आणि आधी उद्धृत करतात. ओळख तिथेच असते, फक्त आकड्याचे कपडे घालून येते.

न मोजल्या गेलेल्या कामाचं एक उदाहरण देते. कायदेशीर अफू पिकवणारा आपला देश. मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने तिची शेती होते. आणि त्याच देशात १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानंतर कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णाला मॉर्फिनची गोळी मिळेनाशी झाली. इतके परवाने लागायचे की रुग्णालयांनी ते औषध ठेवणंच सोडलं. अमेरिकेत कंसातल्या एका नावाच्या जोरावर गोळ्यांचा पूर येत होता, तेव्हा आपल्याकडे माणसं तळमळत होती. १९८६ मध्ये वांद्र्याला डॉ. एल. जे. डिसूझा यांनी शांती आवेदना हे देशातलं पहिलं हॉस्पिस सुरू केलं. केरळात डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सोबतच्यांनी सरकारी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या. २०१४ मध्ये कायदा बदलला. दुखणं कमी करण्याचं यापेक्षा मोठं काम गेल्या पन्नास वर्षांत भारतात क्वचितच झालं असेल. एच-इंडेक्सच्या कोणत्या रकान्यात ते घालाल?

रकान्यावरून आठवलं. इथल्या एका मंडळाच्या 'गुणवंत मराठी संशोधक' पुरस्काराचा अर्ज गेल्या वर्षी माझ्याकडे आला होता. नाव, मूळ गाव, संस्था, आणि मग ठळक अक्षरांत: एकूण सायटेशन, एच-इंडेक्स. कामाबद्दल लिहायला एक ओळ, तीही 'असल्यास' म्हणून. तुमच्यापैकी जे अशा समित्यांवर आहेत त्यांना माझं एवढंच सांगणं: यंदा ते दोन रकाने काढा. त्या जागी दहा ओळी कोऱ्या सोडा आणि वर छापा, 'तुम्ही काय शोधलंत, प्रयोग प्रत्यक्ष कोणी केला, आणि ते चूक असेल तर कोणाला आणि कसं कळेल?' अर्ज कमी येतील. जे येतील ते वाचायला बसावं लागेल, आणि त्याला एखादी संध्याकाळ जाईल.